सोलरच्या जोडीला वहाळावर टर्बाइन (शहापूर, जि. ठाणे)

तीनहातनाका:
शहापूर तालुक्यातल्या जागेवर ३ किलोवॉट सोलर आहे, ४८ व्होल्टच्या ट्यूब्युलर बॅटऱ्या, महावितरणची लाइन नाही. उन्हाळ्यात रोज १२ युनिटच्या आसपास, जुलैत झड लागली की ३-४. शेजारचा वहाळ जून ते ऑक्टोबर वाहतो, त्यावर वीज करणारं छोटं टर्बाइन बसवायचंय. वरून खाली उंचीतला फरक २५ मीटर, पाईप १२० मीटर लागेल, यंत्रापासून घर ६० मीटर. २० लिटरची बादली दोन सेकंदांत भरते. ७५ मिमीचा एचडीपीई (प्लास्टिकचा) पाईप पडून आहे, तो चालेल? आणि टर्बाइनची वायर सोलरच्याच एमपीपीटीच्या (पॅनेलच्या विजेने बॅटरी चार्ज करणारा कंट्रोलर) मोकळ्या इनपुटला दिली तर?

फोरबे:
दोन सेकंदांच्या मापात अर्धा सेकंद इकडेतिकडे झाला की आकडा पाव हिश्शाने चुकतो. २०० लिटरचा पिंप लावा, नाहीतर फळीला ९० अंशांची व्ही-खाच कापून वहाळात आडवी बसवा. खाचेच्या टोकावर पाणी १० सेंमी असेल तर सेकंदाला साधारण ४.४ लिटर, १२.८ सेंमीला ८, १५ सेंमीला १२. मोजायचं सप्टेंबरच्या उघडिपीत. जुलैचा आकडा फसवतो. उंचीही लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेली पारदर्शक नळी) तपासा.

तुमच्या बादलीवरून सेकंदाला १० लिटर येतात, पण आपण ८ लिटर धरू. ७५ च्या पाईपमध्ये घर्षणातच ९ मीटर उंची जाईल, ११० मिमीमध्ये सव्वा ते दीड. म्हणजे पडून असलेला पाईप पडूनच राहू द्या. मग ९.८१ (गुरुत्वाकर्षण) × ८ (लिटर) × २३.६ (घर्षण वजा जाता उरलेली उंची), त्याचे निम्मे: सव्वानऊशे वॉट. यंत्र लहान, म्हणून कार्यक्षमता ५० टक्केच धरायची. दिसायला किरकोळ, पण रात्रंदिवस चालून रोज २२ युनिट होतात. भातसा धरणाच्या १५ मेगावॉट केंद्राचं गणितही हेच, फक्त तिथे कार्यक्षमता कितीतरी चांगली.

डम्पलोड:
एमपीपीटीला अजिबात जोडू नका. बॅटरी भरली की तो करंट घेणं थांबवतो. पॅनेलला त्याने काही होत नाही. टर्बाइनवर मात्र पाणी पडतच असतं. भार गेला की चाक पावणेदोन-दोन पट वेगाने पळतं, व्होल्टेज दुप्पट किंवा त्याहून वर जातं आणि कंट्रोलर जळतो.

रेक्टिफायरमधून (एसीचं डीसी करणारा) थेट बॅटरीला द्या, मध्ये योग्य फ्यूज. बॅटरीवर डायव्हर्जन कंट्रोलर (बॅटरी भरली की जादा वीज दुसरीकडे वळवणारा) आणि त्याला दीड किलोवॉटचा ४८ व्होल्टचा हीटर. या हीटरला थर्मोस्टॅट नको, नाहीतर पाणी तापलं की तोच भार तोडेल. सोलरच्या चार्जिंगचं कमाल व्होल्टेज डायव्हर्जनच्या सेटिंगपेक्षा अर्धा ते एक व्होल्ट खाली ठेवा, म्हणजे आधी सोलर थांबेल. उलटं झालं तर सोलरची वीजही हीटरवर येईल.

केबल: २० अँपिअरला ६ चौरस मिमी तांबं सात व्होल्ट खातं, १६ चौरस मिमी तीनच्या आत.

फोरबे:
खरा त्रास पाचोळ्याचा. जाळी उभी नको, तिरकी हवी, म्हणजे पानं घसरून खाली जातात. तिच्यामागे गाळ बसायला टाकी. वरच्या व्हॉल्व्हच्या लगेच खाली हवेची नळी काढा. जाळी तुंबली आणि नळी नसली तर निर्वाताने पाईप चपटा होतो. खाली बॉल व्हॉल्व्ह नको, गेट व्हॉल्व्ह लावा आणि सावकाश फिरवा. वहाळ वनखात्याच्या हद्दीतून येत असेल तर बांध घालण्याआधी परवानगी घ्या.

तीनहातनाका:
११० चा पाईप घेतो. टर्बाइनच्या प्रकारांपैकी पेल्टन की टर्गो?

डम्पलोड:
या उंचीला टर्गो, दोन नोझलचं. पाणी आटू लागलं की एक बंद करायचं.