पॅलेडियम-कार्बन पुन्हा वापरला, यील्ड तेच. गाईड तरी खूश नाहीत

पाषाण_लॅब:
सुझुकी कपलिंग (पॅलेडियमच्या मदतीने दोन कार्बनी रेणू जोडायची रिॲक्शन) करतेय. ४-ब्रोमोॲनिसोल, फिनाइलबोरॉनिक ॲसिड, पोटॅशियम कार्बोनेट, इथेनॉल-पाणी, ८० अंश. कॅटॅलिस्ट ५ टक्के पॅलेडियम-कार्बन, म्हणजे कार्बनच्या भुकटीवर बसवलेला पॅलेडियम. रात्रभर ठेवते, सकाळी गार झाल्यावर गाळते, धुते, पुन्हा घालते. यील्ड (हाती येणारं प्रॉडक्ट) दर वेळी नव्वद टक्क्यांच्या वर. म्हणजे कॅटॅलिस्ट जसाच्या तसा टिकतोय, असं मी म्हणते. गाईड म्हणतात, "यावरून काहीच सिद्ध होत नाही." आणि चहाला जातात. का, ते कोणी सांगेल?

कुरकुंभकर:
गाईडचं बरोबर आहे. चहाला जाणंही.

एमआयडीसीत हायड्रोजनेशनवर हयात गेली माझी, हा काळा चिखल चांगला ओळखतो. तुझी गोम 'रात्रभर'मध्ये आहे. ताज्या कॅटॅलिस्टवर रिॲक्शन तासाभरात संपत असेल आणि तिसऱ्या खेपेला पाच तास घेत असेल, तरी सकाळी दोन्हीकडे ९५ टक्केच दिसणार. रात्री दादरला जाऊन पाहिलंस तर सकाळची डेक्कन क्वीनही पोचलेली असते आणि रखडत आलेली पॅसेंजरही. दर खेपेला पहिल्या तासात थोडं थोडं काढून जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफवर, किती प्रॉडक्ट झालं ते कळतं) टाक, वेग बघ.

दुसरी भानगड जास्त चावट. गरम असताना ब्रोमाइड (तुझं ४-ब्रोमोॲनिसोल) कार्बनवरचा पॅलेडियम उचलून द्रावणात नेतं आणि बरंचसं काम तिथंच होतं. ब्रोमाइड संपलं, गार झालं की तो मुकाट्याने कार्बनवर येऊन बसतो. तू गाळतेस तेव्हा फिल्ट्रेट (गाळून खाली आलेलं द्रावण) अगदी सोवळं! म्हणून रिॲक्शन अर्धी झाली की ८० अंशालाच, गरम केलेल्या फनेलमधून गाळ आणि फिल्ट्रेट पुढे तापव. त्यात नवा कार्बोनेट घाल, नाहीतर आधीचा कार्बोनेट फिल्टरवर अडकल्यामुळे रिॲक्शन थांबेल आणि तू पेढे वाटशील. रिॲक्शन पुढे सरकली तर पॅलेडियम द्रावणात आहे. नाही सरकली तरी गरम नमुना आयसीपी-एमएसला (धातू अगदी सूक्ष्म प्रमाणातही मोजणारं यंत्र) दे, कारण गाळता गाळता काळा धातू होऊन बाहेर पडला तरी तो या चाचणीतून निसटतो.

औंधकर७:
एवढं कशाला? आयर्न ऑक्साइडवर पॅलेडियम बसवा, चुंबक लावा, काम झालं.

कुरकुंभकर:
चुंबक आयर्न ऑक्साइड ओढतो हो, सुटलेला पॅलेडियम नाही. गाळायचा त्रास वाचतो, एवढं खरं.

पाषाण_लॅब:
पण काका, परत येऊन बसतोय तर बिघडलं कुठे?

कुरकुंभकर:
काहीच नाही. फक्त पेपरात ठोकून 'हेटरोजीनिअस' (म्हणजे रिॲक्शन घन कॅटॅलिस्टच्या पृष्ठभागावरच होते) लिहू नकोस. उलट फायदा घे. ब्रोमाइड पूर्ण संपू दे, गार होऊ दे, मगच गाळ. मात्र परत बसताना कण मोठे होतात आणि वेग कमी होतो. टीईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा फोटो) काढून बघ. औषधाच्या कामात प्रॉडक्टमधलाही पॅलेडियम मोजावा लागतो. आयसीएच क्यू३डी या औषधांतल्या धातूंच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नियमाप्रमाणे तोंडी औषधातून दिवसाला १०० मायक्रोग्रॅमचीच मुभा आहे.

आणि केक (गाळलेला कॅटॅलिस्ट) फिल्टरवर कोरडा पडू देऊ नकोस. इथेनॉलची वाफ आणि कोरडा पॅलेडियम-कार्बन एकत्र आले की पेटायला ठिणगीही लागत नाही. पाण्याने ओला असतानाच बाटलीत भर.