नडगीचं उघडं फ्रॅक्चर: चिठ्ठीवर ग्रेड 2, ऑपरेशननंतर 3बी?

निपाणीकर_भाचा:
उसाच्या ट्रॉलीच्या चाकाखाली मामांचा पाय सापडला. संकेश्वरच्या अलीकडं, शेतातच. नडगी मधोमध मोडली, जखम दोनेक इंचाची. जवळच्या दवाखान्यानं चिठ्ठीवर ‘ग्रेड 2’ लिहून बेळगावला पाठवलं. इथं ऑपरेशन झालं आणि कागदावर ‘गस्टिलो 3बी’. आता प्लास्टिक सर्जन येणार म्हणतात. मामीचं म्हणणं, बिल फुगवायला ग्रेड वाढवली. कुणी जाणकार असेल तर सांगा की.

ओटीवाली_अक्का:
मामींना म्हणावं, जरा दमानं घ्या. मी हाडांच्या ऑपरेशन थिएटरात (ओटीत) काम करते, हे रोजचंच आहे. कॅज्युअल्टीत लिहितात तो वरवरचा अंदाज. खरी ग्रेड टेबलावर, जखम धुऊन मेलेलं मांस काढल्यावर ठरते. सर्जन स्नायू चिमट्यात धरतात. आखडला नाही, कापल्यावर रक्त आलं नाही, रंग काळपट दिसला की तो काढायचाच. आत किती गेलंय ते तेव्हाच कळतं.

गस्टिलो आणि अँडरसन यांची ही पद्धत 1976 ची. 1 सेंटिमीटरच्या आतली स्वच्छ जखम म्हणजे 1, त्याहून मोठी पण आत फार चेंदामेंदा नसलेली म्हणजे 2. 10 सेंटिमीटरच्या वर 3. पण नुसती मोजपट्टी लावून भागत नाही बघा. चाकाखाली चिरडलेलं, शेतातली माती-शेण आत गेलेलं, तर जखम लहान दिसली तरी थेट 3. त्याचे ए, बी, सी 1984 ला झाले. झाकायला मांस-कातडी पुरत असेल तर ए. हाडावरचं आवरण सोलून हाड उघडं पडलं, दुसरीकडचं मांस आणून झाकावं लागतंय, तर बी. जोडावी लागेल अशी धमनी तुटली तर सी.

नडगीच्या आतल्या अंगाला बोट फिरवून बघा, कातडीखाली लगेच हाड. तिथं झाकायला मांसच नाही, म्हणून प्लास्टिक सर्जन.

खानापूर_फिजिओ:
अक्का बरोबर. भर एवढीच की ग्रेडवर डॉक्टरांचंही एकमत होतंच असं नाही. 1994 च्या एका अभ्यासात 245 सर्जनना तीच फ्रॅक्चर दाखवली, जुळणी सरासरी 60 टक्के. म्हणून कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलनं 3ए-3बीसाठी वेगळा स्कोअर काढला. कातडी, हाड, स्नायू यांना वेगवेगळे गुण, शिवाय वय, साखर वगैरेचे. 14 पर्यंत पाय वाचवायचा प्रयत्न करतात, 17 किंवा त्याच्या वर गेलं की कापण्याचा विचार. मामांचा किती आला, विचारून घ्या.

निपाणीकर_भाचा:
विचारलं. 11. पोटरीचा खोलातला स्नायू फिरवून लावणार आहेत.

ओटीवाली_अक्का:
मग पाय राहायची आशा चांगली आहे. मामा तंबाखू खातात का? निपाणीचे म्हणून विचारते. बिडी, तंबाखू दोन्ही बंद. नाहीतर फ्लॅप, म्हणजे झाकायला फिरवून लावलेलं मांस, तग धरत नाही, हाडही लवकर जुळत नाही.

निपाणीकर_भाचा:
खातात की! चंची मामीनं कालच काढून घेतली. बिलाचं मात्र अजून चालूच आहे तिचं.