बाय म्हणजे बक्षीसच असं नाही

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या प्लेऑफमध्ये कॉन्फरन्स (विद्यापीठ संघांचे गट) विजेत्यांची राखीव बाय, म्हणजे पहिली फेरी न खेळता थेट पुढच्या फेरीत प्रवेश, काढून घेतली. त्यामुळे कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्याला अर्थच उरला नाही, असं काहीजण म्हणतात. मला हा मुद्दा पटत नाही. ती बाय होती तेव्हा काय झालं ते बघा. डिसेंबर 2024 मध्ये एसईसी या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात जॉर्जियाने टेक्सासला जादा वेळेत 22-19 असं हरवलं. त्यात जॉर्जियाचा क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रं हलवणारा खेळाडू) कार्सन बेक कोपराला दुखापत होऊन उरलेल्या मोसमासाठी बाहेर गेला. बदल्यात प्लेऑफमध्ये दुसरं मानांकन, बाय आणि थेट नोत्र दामशी गाठ. तिथे 23-10 ने गाशा गुंडाळला. हरलेल्या टेक्सासला पाचवं मानांकन मिळालं, म्हणजे ऑस्टिनमध्ये घरच्या प्रेक्षकांपुढे क्लेमसन, आणि पुढे अ‍ॅरिझोना स्टेट, ज्यांना निवड समितीने क्रमवारीत 12 वं ठेवूनही कॉन्फरन्स विजेते म्हणून नियमाने चौथं मानांकन दिलं होतं. जिंकणाऱ्याची वाट जास्त खडतर! बाय मिळालेले चारही संघ त्या वर्षी पहिल्याच सामन्यात हरले. 2025 पासून मानांकन सरळ क्रमवारीनुसार झालं, ते योग्यच झालं.

मला खरी काळजी वेळापत्रकाची वाटते. 2025 च्या सलामीला टेक्सास ओहायो स्टेटच्या मैदानावर जाऊन 14-7 हरलं आणि शेवटी 9 विजय, 3 पराभव (9-3) अशा कामगिरीवर प्लेऑफबाहेर राहिलं. त्या जागी एखादा दुबळा पाहुणा घरी बोलावला असता तर 10-2 झाले असते. असा हिशोब समोर असताना विद्यापीठाचा कुठला अ‍ॅथलेटिक डायरेक्टर (क्रीडा विभागप्रमुख) ऑगस्टमध्ये अवघड दौरा मागून घेईल?