मदत हवी आहे: अरिताच्या भांड्यांत उन्हाळ्याचं जेवण कसं मांडू?

नमस्कार मंडळी. आम्ही जपानमध्ये फुकुओकाला राहतो. मे महिन्याच्या सुरुवातीला अरिताच्या (पोर्सेलिन म्हणजे चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध गाव) जत्रेतून निळ्या नक्षीचा एक मोठा खोल वाडगा, पाच सोबाचोको (सोबा नूडल्स बुडवायचा रस्सा घ्यायचे छोटे पेले) आणि लाल-सोनेरी नक्षीची एक बशी आणली. 1616 पासून जिथे पोर्सेलिन घडतंय, तिथलं काहीतरी घरात असावं अशी फार इच्छा होती.

जुलैत आई-बाबा पुण्याहून येतायत. इथला दमट उकाडा त्यांना सोसणार नाही, म्हणून बेत हलकाच: बर्फाच्या पाण्यातले सोमेन (गव्हाच्या बारीक शेवयांसारख्या नूडल्स), आलं-कांद्याची पात घातलेला थंड तोफू, काकडीचं सुनोमोनो (व्हिनेगर घातलेली कोशिंबीर). दोघं शाकाहारी, त्यामुळे सोमेनचा रस्सा कोंबू (समुद्री शेवाळ) आणि सुक्या शिताके मशरूमचा.

पांढरेशुभ्र सोमेन निळ्या वाडग्यात उठून दिसतील, की इथल्यासारखं काचेचं भांडंच बरं? लाल-सोनेरी बशीत पांढरा तोफू मला सुंदर वाटतो, पण उन्हाळ्यात ती जड दिसेल का? उरलेल्या सोबाचोकोंत सोलकढी द्यावी असं मनात आहे. तो गुलाबी रंग निळ्या नक्षीशेजारी कसा दिसेल?

आणि भांडी आधी फ्रीजमध्ये गार करून ठेवता का? सोनेरी कामाला त्याने काही होत नाही ना? अनुभव असेल तर नक्की सांगा.