आंतरजालाच्या वाटाघाटींत स्वयंसेवी संस्थांना खुर्ची कशाला?

उत्तरायण
आंतरजालाच्या कारभाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत स्वयंसेवी संस्थांना बसवणे म्हणजे निव्वळ गर्दी वाढवणे होय, असे 'विचक्षण' यांनी काल येथे लिहिले. यांना निवडून कोणी दिले, आणि अंमलबजावणी शेवटी सरकारेच करणार असतील तर या उपऱ्यांचे तेथे काय काम, असा त्यांचा सवाल आहे. दुर्लक्ष करणार होतो, पण लेखातील तुच्छता वाचून राहवले नाही.

संयुक्त राष्ट्रांची माहिती समाजविषयक जागतिक शिखर परिषद २००३ साली जिनिव्हात आणि २००५ साली ट्युनिशियाच्या राजधानीत, ट्युनिसमध्ये भरली. तयारीच्या बैठकांत या संस्थांना ठरावीक मिनिटे बोलू दिले जाई आणि खरा मसुदा लिहायची वेळ आली की दाराबाहेर काढले जाई. सरकारी घोषणापत्राने समाधान न झाल्यामुळे जिनिव्हात त्यांनी स्वतःचे वेगळे घोषणापत्र काढले. पुढे आंतरजालाच्या कारभारासाठी संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या, नितीन देसाई यांच्या अध्यक्षतेखालील ४० सदस्यांच्या कार्यगटात त्यांची माणसे सरकारी आणि उद्योगांच्या प्रतिनिधींच्या मांडीला मांडी लावून बसली, आणि २००६ पासून दरवर्षी भरणाऱ्या इंटरनेट गव्हर्नन्स फोरमची, म्हणजे आंतरजालाच्या कारभारावरील खुल्या चर्चेच्या मंचाची, शिफारस त्याच गटाच्या अहवालातून आली. गर्दीने एवढे केले असेल, तर गर्दी वाढलेलीच बरी.

विचक्षण
आपण ट्युनिस परिषदेचा अंतिम मसुदा सोयीपुरता वाचलेला दिसतो. त्याच मसुद्याच्या ३५ व्या परिच्छेदात सार्वजनिक धोरणाचा अधिकार हा राज्यांचा सार्वभौम हक्क असल्याचे स्पष्ट लिहिले आहे आणि संस्थांची भूमिका विशेषतः समुदायाच्या पातळीवर महत्त्वाची म्हटली आहे. ज्या फोरमचे आपण कौतुक करता, त्याला एकही बंधनकारक निर्णय घेता येत नाही. विकासाचे काय झाले, तेही सांगा. सेनेगलचे तत्कालीन अध्यक्ष अब्दुलाय वाड यांनी मांडलेला डिजिटल एकात्मता निधी ऐच्छिक वर्गणीवर सोडला गेला आणि कधी नीट उभा राहिलाच नाही. गरीब देशांना जोडणीसाठी पैसे हवे होते, त्यांना चर्चासत्रे मिळाली.

मीनाक्षी
दोघेही खुर्चीवर भांडत आहात. त्या खुर्चीपर्यंत पोहोचतो कोण, हे कोणीच विचारत नाही. आमच्या लहानशा गटाला अशाच एका परिषदेचे निमंत्रण आले होते. व्हिसासाठी बँकेचा ताळेबंद मागितला, मग त्यावर कोणाचा शिक्का हवा याचे पत्र आले, आणि व्हिसा मिळाला तेव्हा आमचे सत्र उरकलेले होते. दूरस्थ सहभागाची सोय आहे म्हणाले. मी प्रश्न लिहून पाठवला, सूत्रसंचालकांनी त्याचे पहिले अर्धे वाक्य वाचले आणि वेळ संपल्याचे सांगितले. ज्या संस्थांना मोठ्या प्रतिष्ठानांचा निधी आहे, त्यांचीच तीच माणसे एका शहरातून दुसऱ्या शहरात जात राहतात.

कासवगती
व्हिसाचा विषय निघालाच आहे तर यजमान देशांचाही निघू द्या, कारण खरी मेख तेथे आहे. ट्युनिसमध्ये संस्थांना समांतर नागरिक परिषद भरवू दिली नाही, परिषदेच्या तोंडावर एका फ्रेंच पत्रकारावर चाकूहल्ला झाला, आणि स्वित्झर्लंडचे तत्कालीन अध्यक्ष साम्युएल श्मिड यांनी उद्घाटनात अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा उल्लेख करताच तेथील दूरचित्रवाणीने प्रक्षेपण तोडले. आपल्या देशात तोंड उघडता येत नाही म्हणून माणसे अशा मंचावर येतात, आणि मंचच तशा देशात भरवला जातो. २०२४ चा फोरम रियाधला झाला, यावर अधिक काय बोलावे?

विचक्षण
म्हणजे काही देशांना यजमानपद द्यायचेच नाही? नेहमी जिनिव्हालाच भरवा, म्हणजे मीनाक्षीताईंचा व्हिसा पुन्हा अडकेल. आपली नैतिकता विमानाच्या तिकिटाएवढीच लांब जाते.

कासवगती
तिकिटाची भाषा मला ऐकवू नका. मी पदरमोड करून गेलेला माणूस आहे. यजमान करारात प्रवेशाची आणि निर्भय बोलण्याची हमी लेखी घ्या आणि ती मोडली तर पुढचे यजमानपद नाकारा, एवढेच मागतो आहे. जिनिव्हालाही सोवळे समजू नका, कारण २००३ साली पत्रकारांच्या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्सला तेथून बाहेरच ठेवले होते.

उत्तरायण
धागा यजमानांनी पळवला आहे, तरी मूळ मुद्द्यावर येतो. २०१४ साली आंतरजालाच्या कारभारावर साओ पावलोत भरलेल्या नेटमुंडियाल परिषदेत सरकारे, उद्योग, संस्था आणि तंत्रज्ञ-अभ्यासक यांच्यासाठी चार वेगळे ध्वनिक्षेपक मांडले होते आणि पाळीपाळीने प्रत्येकाला बोलता आले. सरकारी प्रतिनिधींनाही आपल्या रांगेत उभे राहावे लागले. सार्वभौमत्वाला त्याने तडा गेल्याचे ऐकिवात नाही.

विचक्षण
रांगेचे चित्र सुंदर आहे. त्याच परिषदेच्या शेवटी नेट न्यूट्रॅलिटीचा, म्हणजे जोडणी पुरवणाऱ्या कंपन्यांनी सर्व मजकुराला समान वागणूक देण्याचा, विषय पुढील चर्चेच्या यादीत ढकलला गेला आणि आपल्याच संस्थांनी व्यासपीठावरून नाराजी वाचून दाखवली, ते सांगायचे राहिले का? बरे, संस्थांनी विषय निघण्यास भाग पाडले, हे मान्य करतो. एवढे श्रेय फुकट घेऊन जा. मात्र विषय काढणाऱ्याला मत देण्याचाही अधिकार हवा, हे मला मान्य नाही. २०११ साली संयुक्त राष्ट्रांत भारताने आंतरजालाच्या धोरणासाठी ५० देशांच्या समितीचा प्रस्ताव मांडला, तोच मार्ग प्रामाणिक होता: निर्णय सरकारांचा आणि सल्ला इतरांचा.

मीनाक्षी
त्या प्रस्तावातील सल्लागार गटांत कोण बसले असते, तेही आताच सांगून टाका. मोठ्या कंपन्यांचे प्रतिनिधी खात्रीने, आणि आमच्यासारख्यांना पुन्हा बँकेचा ताळेबंद. मताचा अधिकार मी मागतच नाही. एकमत न झाल्यामुळे मसुद्यातील एखादे वाक्य चौकटी कंसात अडकते तेव्हा ते कोणी अडकवले, त्या देशाचे नाव उघड व्हावे आणि कंस सुटताना आम्हाला खोलीत उभे राहू द्यावे. बसायला खुर्ची नाही दिलीत तरी चालेल.

विचक्षण
नाव उघड झाले तर कोणताही देश तडजोड करणार नाही. वाटाघाटी अशा चालत नाहीत.

मीनाक्षी
दार बंद ठेवून आपला तो डिजिटल निधीही उभा राहिला नव्हता.