औली पायी चढलेल्यांना विचारतोय

टिळकनगरकर (इंदूर):
२००८ च्या मे महिन्यात बाबांबरोबर उत्तराखंडात जोशीमठहून औलीला पायी गेलो होतो. रोपवे तेव्हाही होता. डबा डोक्यावरून गेला की बाबा हात हलवायचे. वर गोरसों बुग्यालात (डोंगरमाथ्यावरच्या गवताळ कुरणात) तंबू टाकून दोन रात्री राहिलो. समोर नंदादेवी. माणूस म्हणाल तर एक मेंढपाळ, त्याने आमचे पोहे खाल्ले आणि वर जिरावण (आपला पोह्यांवरचा इंदुरी मसाला) मागून घेतलं.

आता लेकीला स्की शिकायचंय आणि मला तोच चढ पुन्हा चढायचाय. दोन्ही जमेल का? की स्कीच्या गडबडीत पायवाटेची मजाच गेली?

बडोद्याचा भटक्या:
मागच्या फेब्रुवारीत गेलो होतो. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी केलेलं कृत्रिम तळं उतारावर आहे, बर्फ पाडायच्या मशीनला पाणी तिथलंच. सुरुवातीला मॅगी, भाड्याचे गमबूट आणि फोटोवाले यांच्यातूनच चढायचं. झाडी लागली की गर्दी गळते, पुढे तुमची जुनी वाट. तंबूचं मात्र विसरा. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांत मुक्कामाला बंदी घातली. सकाळी जा, उजेडात परत या.

बर्फवेडी:
मी गुलमर्गवाली, मला गोंडोला (तिथला रोपवे) आवडतो, उगाच का नाकारू? दुसऱ्या टप्प्याने अफरवटच्या माथ्याजवळ, जवळपास ३,९५० मीटरवर नेऊन सोडतो. पण गोम तिथेच आहे. हिमस्खलनाची काळजी गस्तवाले घेतात ती ठरावीक उतारापुरती. हद्दीच्या दोरीपलीकडे आपलं आपण बघायचं. पूर्वी एवढ्या वर चढून येणाऱ्याला वाटेतच बर्फाचा थोडाफार अंदाज यायचा. आता पहिल्यांदा बर्फ बघणाराही तिकीट काढून तिथे उभा असतो. लेकीला बजावून ठेवा.

जुना राजवाडा:
मनालीजवळ मोठं स्की व्हिलेज व्हायचं होतं. २००६ मध्ये नग्गरला जगती पूछ (तिथल्या देवतांची सभा) भरली, देवतांनी कौल दिला ‘नको’! आपल्याकडे रोपवे काढताना इंदूरजवळच्या जानापाव डोंगराला विचारतंय कोण?

टिळकनगरकर:
सगळ्यांचे आभार. जोशीमठला जानेवारी २०२३ मध्ये जमीन खचून भेगा पडल्यावर रोपवे बंद केला होता, त्यामुळे वर जायला गाडीच धरतोय. लेक उतारावर शिकेल, मी एका दिवसात गोरसों करून येईन. दोन रात्रींचं एका दिवसात, काय करणार. @भटक्या, बाबा विचारतायत, झाडीच्या वर पाणी मिळतं का, की खालूनच भरून न्यायचं?