साठ मतं होती, तरी पब्लिक ऑप्शन का गेला?

प्रश्न: २००९ मधे अमेरिकेत अध्यक्ष ओबामा, संसदेची दोन्ही सभागृहं म्हणजे हाऊस आणि सिनेट, सगळं डेमोक्रॅट्सकडे, हाऊसने नोव्हेंबरमधे २२०-२१५ ने पब्लिक ऑप्शनसकट (खासगी विम्याच्या जोडीला सरकारी विम्याचा पर्याय) आरोग्यविम्याचं बिल पासही केलं, मग सिनेटमधे तोच भाग कसा काय कापला? विमा नाही म्हणून लोक गोळ्या अर्ध्या करून खातात आणि नेते वाटाघाटीच करत बसतात, प्रचंड चीड येते. दोष कोणाचा?

उत्तर: फिलिबस्टर (सिनेटमधे चर्चा लांबवून बिल अडवायची युक्ती) मोडायला ६० मतं लागतात, त्यांच्याकडे बरोब्बर ६०च होते. एक जण अडला की खेळ खल्लास. त्या साठांतलेच सिनेटर लीबरमन अडले, मेडिकेअर (ज्येष्ठांसाठीचा सरकारी विमा) वयाच्या ५५ वर्षांपासून विकत घेऊ द्यायची सोयसुद्धा त्यांच्यामुळेच गेली.

उत्तर: सगळं त्यांच्यावर ढकलू नका हो. बिल हाताळणारे डेमोक्रॅट सिनेटर बॉकस यांनी रिपब्लिकनांची मनधरणी करण्यात अख्खा उन्हाळा घालवला आणि शेवटी रिपब्लिकन सिनेटर ग्रासलींचं मतही मिळालं नाही. ओबामांनीही जोर लावायला हवा होता, हे मी ठामपणे म्हणेन.

उत्तर: राग मलाही आहेच, पण पब्लिक ऑप्शनशिवाय का होईना, २०१० चा कायदा (ओबामाकेअर) झाला म्हणून आधीच्या आजारावरून विमा नाकारणं २०१४ पासून बंद झालं. कॅन्सर होऊन गेलेल्या माणसाला विचारा त्याची किंमत.

प्रश्नकर्ता: ते मान्य. पण टेक्सस आणि फ्लोरिडा या राज्यांनी त्या कायद्याप्रमाणे मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी विमा) जास्त लोकांपर्यंत अजून वाढवलेलं नाही, तिथल्या गरिबांनी काय करायचं?